पहाटेच्या शुभेच्छा : पाठवणाऱ्याची वेळ आणि घेणाऱ्याची झोप

नरक चतुर्दशीची पहाट. साडेचार वाजले आहेत. आपले अभ्यंगस्नान आटोपले आहे. अंगाला उटण्याचा सुवास येतो आहे. देवापाशी समई लावून झाली, गॅलरीत आकाशकंदील मंद झुलतो आहे आणि घरातील बाकीची मंडळी अजून उठायची आहेत. अशा निवांत वेळी मन भरून येते, दूरची माणसे आठवतात आणि हात सहजच मोबाइलकडे जातो. पणत्यांचे एक सुरेख चित्र, त्याखाली ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. आणि क्षणार्धात भाचीपासून जुन्या कचेरीतील सोबत्यांपर्यंत चाळीस जणांच्या मोबाइलवर ते पोहोचते.

आता त्या चाळिसांपैकी एका घरात डोकावू या. भाचीच्या सासऱ्यांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले आहेत. रात्री दोन वाजता तिने त्यांची कूस बदलून दिली, साडेतीनला लघवीचे भांडे दिले, चादर सारखी केली आणि चारच्या सुमारास ती जमिनीवरच्या गादीवर आडवी झाली. मोबाइल उशाशी आहे आणि त्याचा आवाज मोठा ठेवलेला आहे. कारण तिची आई गावी एकटी राहते. डोळा लागतो न लागतो तोच मोबाइल वाजतो. ती दचकून उठते. ‘आईला काही झाले तर नाही?’ चष्मा सापडेपर्यंत छातीत धडधडत राहते. पडद्यावर पणत्या दिसतात. हायसे वाटते खरे; परंतु तेवढ्यात सासरेही जागे झालेले असतात, आणि तिची रात्र तिथेच संपते.

वाचकहो, असे एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते. कदाचित ते आपलेच असेल. मामांच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हते आणि भाचीलाही ते ठाऊक आहे. म्हणून ती कधी बोलत नाही. या न बोललेल्या गोष्टीविषयी आज थोडे बोलायचे आहे. पहाट आपली असते. परंतु शुभेच्छा ज्याला पाठवायची, त्याची ती पहाट असेलच असे नाही.

तारेची आठवण

आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना तारेचे दिवस आठवत असतील. दारात तारवाला दिसला की घरातील बायकांच्या हातातले काम थांबत असे. तार वाचायच्या आधीच कोणीतरी डोळ्यांना पदर लावी. कारण अवेळी येणारी तार म्हणजे बहुधा वाईट बातमी, असे समीकरण पक्के झाले होते. गंमत अशी की त्याच तार खात्याने सणांच्या शुभेच्छांसाठी ठरावीक वाक्ये क्रमांकासह तयार ठेवली होती. अर्जावर नुसता क्रमांक लिहिला की पलीकडे दिवाळीच्या किंवा ईदच्या शुभेच्छांचे वाक्य पोहोचत असे. आनंदाची तार आणि दुःखाची तार एकाच दाराने, एकाच माणसाच्या हातून येत. हातात पडेपर्यंत तिच्यात काय आहे, हे कळण्यास मार्ग नसे.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार गेली, अवेळीच्या हाकेची भीती मात्र गेली नाही, ती मोबाइलमध्ये येऊन बसली. पहाटे चारला वाजणारा मोबाइल शुभेच्छेचा आहे की रुग्णालयातून आलेल्या निरोपाचा, हे आवाजावरून ओळखता येत नाही. ज्यांचे कोणी आजारी आहे, ज्यांचे आईवडील दूर एकटे आहेत, त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे तारवाल्याची हाकच असते.

मोबाइलवरील लिखित संदेशाचा जन्मही सणाच्या शुभेच्छेनेच झाला, हे अनेकांना ठाऊक नसेल. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये संगणकावरून पहिला एसएमएस पाठवला. व्होडाफोनमधील रिचर्ड जार्विस यांना पाठवलेल्या त्या संदेशात ‘मेरी ख्रिसमस’ एवढे दोनच शब्द होते. त्या वेळच्या हातफोनवर अक्षरे जुळवून उत्तर पाठवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे त्या शुभेच्छेला लेखी उत्तर गेले नाही. पहिली शुभेच्छा अशी होती : दोन शब्दांची, एकाच माणसासाठी आणि उत्तराची अपेक्षा नसलेली. आजही हे तीन गुण अंगी बाणवण्यासारखे आहेत.

मोडलेली झोप पुन्हा जुळत नाही

झोप मोडली तर काय बिघडले, पुन्हा झोपता येते, असे तरुणपणी म्हणता येते. वय वाढले की हे गणित बदलते. पासष्टीनंतरही शरीराला साधारण सात ते आठ तास झोप हवीच असते. ‘म्हाताऱ्या माणसाला झोप कमी लागते’ हा समज बरोबर नाही. झोपेची गरज फारशी घटत नाही, झोप लागून राहण्याची क्षमता घटते. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप हलकी होते आणि लहानशा आवाजानेही जाग येते. लघवीसाठी एकदोनदा उठणे होते, सांधे दुखतात. अशा तुकड्यातुकड्यांनी जमवलेल्या झोपेतील पहाटेचा तुकडा मोलाचा असतो. स्वप्नांच्या झोपेचा मोठा भाग रात्रीच्या उत्तरार्धात येतो. या झोपेचा भावनांच्या समतोलाशी आणि स्मरणाशी संबंध असल्याचे मानले जाते.

दचकून जाग येण्याचा ताण वेगळा. अचानक आवाजाने जाग आली की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम वाढतात. निरोगी माणसाच्या बाबतीत ते लवकर पूर्ववत होतात. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी मात्र असे धक्के टाळलेले बरे. दुसरा धोका पडण्याचा. अंधारात चष्मा न लावता, घाईघाईने मोबाइल घ्यायला उठणे ज्येष्ठांच्या दृष्टीने फार जोखमीचे असते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आडवे असताना एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून कितीही वेळा मोबाइल वाजला तरी आधी डोळे उघडावेत, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावे, दिवा लावावा आणि मगच उठावे. शुभेच्छा कुठे जात नाही; खुब्याचे हाड मोडले तर महिने जातात.

शुश्रूषा करणाऱ्यांची झोप तर आणखी नाजूक. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला मध्यरात्री जाग आली की त्याला दिवस-रात्रीचे भान राहत नाही. तो उठून दार उघडू पाहतो, घरी जायचे म्हणतो. त्याला पुन्हा शांत करून झोपवायला तास-दीड तास लागतो. अशा घरात पहाटे वाजलेला एक मोबाइल दोन माणसांची रात्र संपवतो. आणि सणाच्या दिवशी तो एकदाच वाजत नाही. चाळीस ओळखींचे चाळीस निरोप आणि गटांमधील शेकडो चित्रे दिवस उजाडण्याआधीच येऊन थडकतात.

तरीही शुभेच्छा थांबवू नका

हे वाचून एखाद्या आजोबांना वाटेल, ‘मग आम्ही पाठवूच नये की काय?’ तसे मुळीच नाही. तरुण मंडळी ज्येष्ठांच्या ‘शुभ प्रभात’ची थट्टा करतात, ती अज्ञानातून. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी सकाळचा निरोप ही हजेरी असते. ‘मी उठलो आहे, बरा आहे, मला तुमची आठवण आहे’ हे त्या फुलांच्या चित्रामागचे खरे वाक्य. रोज साडेसातला येणारा काकांचा निरोप एखाद्या दिवशी दहा वाजले तरी आला नाही, तर पुतण्याने आवर्जून फोन करावा. अशा वेळी तो निरोप काकांसाठी काठीसारखा आधार ठरू शकतो. म्हणून घरातील तरुणांना सांगणे आहे : आजी-आजोबांचा निरोप पाहिल्यावर निदान दोन शब्दांचे उत्तर द्या. कोणी पाहतच नाही असे वाटले की माणूस अधिक जणांना, अधिक वेळा पाठवू लागतो.

प्रश्न फक्त वेळेचा आणि ओळखून पाठवण्याचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीही शांततेचा मानला आहे; ध्वनिक्षेपकावर तेव्हा बंदी असते. तीच मर्यादा आपण मोबाइललाही लावू या, आणि वर एक-दीड तासाची भर घालू या. सकाळी साडेसातनंतर पाठवलेली शुभेच्छा बहुतेक घरांत सुखाने स्वीकारली जाते. जिथे आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे किंवा कोणी रात्रपाळी करून आलेले आहे, तिथे दहानंतर पाठवावी. ज्या घरातील सगळे पहाटे उठून पहिल्या आंघोळीची शर्यत लावतात, ते आपल्याला ठाऊक असतेच. त्यांना खुशाल पाच वाजता पाठवा.

‘पण आमची जाग तर साडेतीनलाच होते, तेव्हाच मन प्रसन्न असते,’ असे काहीजण म्हणतील. त्यावर सोपा उपाय आहे : पहाटे लिहा, सकाळी पाठवा. व्हॉट्सॲपमध्ये मजकूर लिहून न पाठवता बाहेर आलात, तर तो त्या व्यक्तीच्या नावापाशी तसाच राहतो. चहा, औषध आणि फेरफटका झाल्यावर तो पुन्हा वाचावा आणि पाठवावा. पहाटेची प्रसन्नता शब्दांत उतरलेलीच असते, ती तीन तासांत शिळी होत नाही.

मात्र रोजच साडेतीनला जाग येत असेल, तर तिच्याकडेही थोडे लक्ष द्या. रात्री साडेआठलाच डोळा लागत असेल तर पहाटे लवकर जाग येणे स्वाभाविक आहे. अशांनी संध्याकाळी उजेडात थोडे फिरावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी. परंतु पहाटेची जाग येताच मन उदास होत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक मंदावली असेल आणि दोन आठवडे हेच चालू असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. ‘वयामुळे होत असेल’ म्हणून अंगावर काढू नये. पहाटेच्या अंधारात चाळीस जणांना शुभेच्छा पाठवणारा माणूस कधीकधी स्वतःच कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत असतो.

ज्या घरी यंदा सण नाही

वेळेहूनही नाजूक एक गोष्ट आहे. ज्या घरातील माणूस वर्षभरात गेले आहे, त्या घरी पहिली दिवाळी सुनी असते. आपल्याकडे अनेक घरांत त्या वर्षी सण करत नाहीत. फराळाचा डबा शेजारचे किंवा नातलग आणून देतात. डबा आणणारा माणूस दारात मोठ्याने ‘शुभ दीपावली’ म्हणत नाही. तो दोन घटका बसतो, गेलेल्या माणसाची आठवण काढतो. मोबाइलच्या यादीला मात्र ही समज नसते. ती पतीला गमावलेल्या मावशींनाही ‘सुख, समृद्धी आणि भरभराट’ पाठवून मोकळी होते.

म्हणून सणाच्या दोन दिवस आधी शांतपणे यादी चाळावी. ज्यांच्या घरी दुःख आहे, आजारपण आहे, शस्त्रक्रिया ठरलेली आहे, त्यांची नावे वगळावीत आणि त्यांच्यासाठी वेगळे चार शब्द लिहावेत. ‘मावशी, काकांची आज फार आठवण येते. दुपारी फोन करतो,’ एवढे पुरे. यात ‘शुभ’ हा शब्द नाही, तरी यापेक्षा शुभ काही नाही. आणि यादीत एखादा क्रमांक आता हयात नसलेल्या माणसाचा असेल, तर तोही पाहून घ्यावा. तो मोबाइल बहुधा त्यांच्या पत्नीच्या किंवा मुलाच्या हाती असतो.

परदेशातील लेक, दुबईतील जावई

सणाच्या उत्साहात घड्याळाचा विसर पडतो. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असताना दुबईत साडेतीन वाजलेले असतात. लंडनमध्ये ऑक्टोबरात दिवाळी आली, तर तिथे मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. दोन्हीकडे माणसे गाढ झोपेत असतात आणि दिवाळीची सुट्टी नसल्याने त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या संध्याकाळचे साडेसात, म्हणजे बोलायला उत्तम वेळ.

उलट बाजूनेही हेच. परदेशातील मुलांना सांगावेसे वाटते की, तुमच्या रात्रीच्या जेवणानंतर तुम्ही आठवणीने शुभेच्छा पाठवता, तेव्हा इथे पहाट असू शकते. आई-बाबांचा मोबाइल तुमच्यासाठीच चालू असतो. तुमच्या नावाचा आवाज आला की ते अंधारातही उठतात. तेव्हा आपल्या शहराची आणि त्यांच्या गावाची अशी दोन घड्याळे मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवावीत.

मोबाइल चालू ठेवून शांत झोपण्यासाठी

पाठवणाऱ्यांवर सगळा भार टाकणे योग्य नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवता येत नाही, हे खरे. परंतु फोनची घंटा चालू ठेवून निरोपांचा आवाज बंद करता येतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये निरोपाचा आवाज आणि फोनची घंटा यांची निवड स्वतंत्र असते. निरोपासाठी ‘काही नाही’ हा पर्याय निवडला की शुभेच्छा गुपचूप येतात. गटांना ‘म्यूट’ करताना आठ तास, एक आठवडा किंवा कायम, असे पर्याय मिळतात. आपण तसे केले हे गटातील कोणालाही कळत नाही, त्यामुळे संकोच नको.

याखेरीज बहुतेक मोबाइलमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही सोय असते. रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत ती आपोआप लागू होईल असे ठरवता येते, आणि डॉक्टर, भाऊ, शेजारी अशा चार-पाच निवडक क्रमांकांचे फोन तेवढे वाजू देता येतात. त्याच क्रमांकावरून थोड्याच वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यावा, अशीही सोय असते. अँड्रॉइडवर हा अवधी पंधरा मिनिटांचा, तर आयफोनवर तीन मिनिटांचा असतो. घरच्यांना सांगून ठेवावे : रात्री निकड असेल तर लिहू नका, साधा फोन करा, उचलला नाही तर लगेच पुन्हा करा. ही योजना लावल्यावर औषधाचा गजर वाजतो की नाही, हे एकदा तपासून घ्यावे. नातवंडांकडून दहा मिनिटांत हे काम होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘येथे बोट लावा आणि आपल्या नावाची शुभेच्छा पाहा’ असे सांगणाऱ्या दुव्यांना आणि अनोळखी फायलींना हात लावू नये, पुढे तर मुळीच पाठवू नये. सणाच्या गर्दीत फसवणूक करणारेही याच वाटेने येतात. पैसे गेल्याचे लक्षात आले तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

गोड बोलून सांगावे

शेवटचा प्रश्न अवघड आहे : वडीलधाऱ्यांना हे सांगायचे कसे? गटात सर्वांदेखत ‘कृपया पहाटे निरोप पाठवू नयेत’ असे लिहिले, तर लागायचे त्यालाच लागते आणि सुधारायचा तो सुधारत नाही. त्यापेक्षा फोन करावा, आणि मागणी करण्याआधी कारण सांगावे.

“मामा, तुमचा निरोप आला की फार बरं वाटतं. फक्त साडेआठनंतर पाठवाल का? रात्री बाबांपाशी जागरण होतं, आणि पहाटे फोन वाजला की मला वाटतं, गावाहून आईचाच काही निरोप आला.”

“अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? माझ्या लक्षातच आलं नाही बघ. आणि तू एकटीच जागतेस होय रात्रभर? शनिवारी मी येऊन बसतो त्यांच्यापाशी.”

संवाद असाच होईल याची खात्री देता येत नाही. परंतु न बोलता मनात कुढत राहण्यापेक्षा तो होण्याची शक्यता बरी. पहाटेच्या चित्रातून मामांना भाचीचे जागरण कधी कळले नसते; दोन मिनिटांच्या बोलण्यातून कळले.

तेव्हा येत्या सणाला एवढे करून पाहू या. आदल्या दिवशी यादी चाळावी. पहाटे मनात येईल ते लिहून ठेवावे, आणि सूर्य वर आल्यावर पाठवावे. चाळीस चित्रांपैकी पाच जणांना तरी नाव घालून स्वतःचे एक वाक्य लिहावे. आणि ज्या एका घरात रात्री दिवा जळत असतो, त्या घरी चित्र न पाठवता दुपारी फोन करून विचारावे, ‘काल रात्री झोप लागली का?’ शुश्रूषा करणाऱ्या माणसाला इतकी नेमकी शुभेच्छा क्वचितच कोणी दिलेली असते.